लाल मातीवरची खूण

“चाचा, तो बॉल आत होता की बाहेर?”

दस्तगीर मुजावर वाकून चुन्याची रेघ मारत होते. त्यांनी ब्रश बादलीत बुडवला, निथळू दिला, आणि ताणलेल्या सुतळीच्या कडेकडेनं वीतभर पुढं सरकले.

“मी काहीतरी विचारतेय.”

“ऐकलं की.”

“मग?”

“रेघ ओली आहे. पाय देऊ नकोस.”

समिधा आवटीनं पाय मागं घेतला. वय तेवीस, देशात तिसरा नंबर, गेल्याच महिन्यात परदेशात लाल मातीवरची मोठी स्पर्धा जिंकून आलेली. मिरज स्टेशनपासून जिमखान्यापर्यंत तिच्या नावाचे सात फलक लागले होते. आणि इथं एक सत्तरीचा मार्कर तिला पाय कुठं ठेवायचा ते सांगत होता.

मार्कर म्हणजे क्लबचा नोकर. कोर्टावर पाणी मारायचं, चुना मारायचा, जोडीदार मिळाला नाही तर मेंबरांशी खेळायचं, आणि त्यांना कळणार नाही अशा बेतानं हरायचं. चाचांनी हे चाळीस वर्षं केलं. त्यातूनच उरलेल्या वेळात त्यांनी दोन मुलींना टेनिस शिकवलं. एक समिधा. दुसरी त्यांची स्वतःची, नसीमा.

संध्याकाळी सहाला समिधाचा सत्कार होता. इथंच, कोर्टाच्या कडेला. मंडपवाले सकाळीच येऊन कोर्टभर पाय उमटवून गेले होते. वेताच्या खुर्च्यांची रांग लागली होती. समिधाला भाषण करायचं होतं, आणि त्या भाषणात काय सांगायचं ते गावानं आधीच ठरवून टाकलं होतं.

ती गोष्ट गावाला तोंडपाठ होती. दहा वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलींची फायनल. समिधा विरुद्ध नसीमा. जिंकेल ती पुण्याच्या अकादमीत जाणार, जागा एकच. नेमलेले पंच आले नाहीत. मेंबर म्हणाले, दस्तगीर बसेल, त्याच्यासारखा सरळ माणूस नाही. दस्तगीर उंच खुर्चीवर चढून बसले. तिसरा सेट, नसीमाचा मॅच पॉइंट. नसीमानं रेषेला धरून फटका मारला. चेंडू समिधाच्या बाजूला, उजव्या रेघेपाशी पडला.

दस्तगीरनी बोट वर केलं. बाहेर.

बापानं पोटच्या पोरीविरुद्ध निकाल दिला! खुर्च्यांवर टाळ्यांचा पाऊस पडला. पुढचे पॉइंट समिधानं घेतले, सामनाही घेतला. पुण्याला समिधा गेली.

तेव्हापासून मिरजेत कुणाला सचोटीचं उदाहरण द्यायचं झालं की दस्तगीर मार्करचं बोट वर व्हायचं.

“आज मी तीच गोष्ट सांगायचीय म्हणे,” समिधा म्हणाली. “अध्यक्षांनी कागदच लिहून पाठवलाय. ‘माझे गुरू, न्यायाची मूर्ती.’ तुम्हाला शाल पण आहे.”

“उन्हाळ्यात शाल?”

“विषय बदलू नका.”

चाचांनी ब्रश उचलला.

“गेल्या महिन्यात सेमीफायनलला माझ्या बाजूला एक बॉल पडला,” ती म्हणाली. “मी बाहेर म्हटलं. पंच खुर्चीवरून उतरून खूण बघायला निघाले. मातीवर तसंच असतं, बॉलची खूण बघूनच ठरतं. बॉल खरंच बाहेर होता, चाचा. चांगला बोटभर बाहेर. तरी ते खुणेपर्यंत चालत येईस्तोवर मला श्वास घेता येईना. दर वेळी असं होतं. मला फक्त एक शब्द हवाय. ‘बाहेर.’ तेवढं म्हणा. मी संध्याकाळी तुमची आरती ओवाळते, आणि परवा विमानात बसते.”

चाचांनी ब्रश चुन्यात फिरवला.

“म्हणा ना!”

“मला ठाऊक नाही,” चाचा म्हणाले.

“काय?”

“मी बॉल बघितलाच नाही.”

समिधा बघतच राहिली. वडीलधाऱ्यांची ही एक तऱ्हा असते. दहा वर्षं गप्प बसायचं, आणि मग एक दिवस चुना मारता मारता सांगून टाकायचं. जणू काही विहिरीत पडलेला पोहराच काढून दिला.

“पंचाच्या खुर्चीत बसला होतात तुम्ही.”

“हां.”

“मग बघत काय होतात?”

चाचांनी ब्रशनं वेताच्या खुर्च्यांकडे दाखवलं.

“तेव्हा पण तिथंच होत्या. नसीमाचा मॅच पॉइंट आला आणि सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. पोरीकडे नाही, माझ्याकडे. आता मार्कर काय करतो बघू... बॉल हवेत होता तेव्हाच माझं बोट वर निघालं होतं.”

“म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून?”

“हां.”

“आपल्या पोरीला जिंकवलं म्हणतील म्हणून तिला हरवलंत?”

“हां.”

“हां काय, हां! नाही म्हणायचं होतं ना त्या खुर्चीला! माझ्या पोरीची मॅच आहे, मी बसणार नाही, एवढं बोलता येत नव्हतं?”

“मार्करनं मेंबरांना नाही म्हणायची पद्धत नव्हती.”

“पद्धत!” समिधाचा आवाज चढला. “तुम्ही लोक एकमेकांच्या पद्धती सांभाळता आणि त्यात आम्ही भरडून निघतो. गावानं तुम्हाला देवमाणूस केलं. त्या देवमाणसाचा खर्च कुणी भरला? तुम्ही? नसीमानं भरला!”

चाचा भांडतील अशी तिची अपेक्षा होती. ती भांडणासाठी बूट घट्ट बांधूनच आली होती.

“खरं आहे,” चाचा म्हणाले.

“लोक पाया पडायला येतात,” ते बादली पुढं सरकवत म्हणाले. “पाय मागं घेतला तर म्हणतात, बघा किती साधा माणूस. आणखी वाकतात.”

फाटकाशी स्कूटीचा हॉर्न वाजला. दोनदा, लागोपाठ.

साडेबारा वाजले होते. नसीमा आली होती. मिरजेतल्या एका दवाखान्यात ती नर्स होती, दुपारच्या पाळीला जाताना रोज बापाचा डबा आणायची. फाटकाच्या खांबावर डबा ठेवायची, दोनदा हॉर्न वाजवायची, निघायची. फायनलच्या दिवशी तिनं रॅकेट नेटला टेकवून ठेवली आणि आपल्या बाजूची माती न ओढताच ती बाहेर पडली. चाचांच्या कोर्टावर असं पूर्वी कधी झालं नव्हतं. खेळ संपला की बांबूला बांधलेली जुनी जाळी ओढायची, आपल्या पायांच्या आणि चेंडूच्या खुणा आपणच मोडायच्या, ज्याची बाजू त्यानं, ही इथली पहिली शिकवण. रॅकेट धरायची ती नंतर. नसीमानं ती शिकवण मोडली आणि त्या दिवसापासून ती फाटकाच्या आत आली नाही.

समिधा धावतच फाटकाशी गेली.

“अगं बाई, स्टार!” नसीमा म्हणाली. “चौकातल्या फलकावर नाक केवढं काढलंय तुझं! मला वाटलं तोफच लावलीय.”

“आत ये ना.”

“ड्यूटी आहे.”

“पाच मिनिटं.”

“पाच मिनिटांत तिकडं तीन सलाइन संपतात.” नसीमानं डबा खांबावर ठेवला आणि मान उंचावून बापाकडे पाहिलं. “अब्बा, आज मेथी आहे. भाकरी गार करू नका.”

चाचांनी लांबूनच हात केला.

“नसीमा,” समिधानं फाटकाचा गज धरला. “तो बॉल... तुझा मॅच पॉइंट. आत होता?”

नसीमानं हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला. तो लागेना. तिनं तो पुन्हा सोडला.

“मला काय माहीत? नेटच्या पलीकडे पडला होता, तुझ्या पायाशी. मला माझ्या बाजूनं खूण कशी दिसणार?”

“तरी पण... मारल्यावर कळतं ना हाताला.”

“हाताला कळलं होतं. पण हाताला कोण विचारतंय?” ती हसली. “मी बॉलकडे बघतच नव्हते गं. मी अब्बांच्या बोटाकडे बघत होते.”

पट्टा लागला. स्कूटी सुरू झाली.

“संध्याकाळी मस्त बोल हं,” ती म्हणाली. “मी नसेन. माझ्या वाटचा पेढा अब्बांकडे दे. त्यांना साखर आहे, त्यांना देऊ नकोस.”

ती गेली. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत समिधा तिथंच उभी होती. मग डबा घेऊन परत आली.

तिच्या मनात एक गोष्ट हळूच हलली. तिला त्याची लाज वाटली, पण हलली खरी. चाचांनी पाहिलं नाही. नसीमाला दिसलं नाही. खुर्च्या तर चाचांकडेच बघत होत्या. म्हणजे...

“म्हणजे कुणालाच माहीत नाही,” ती म्हणाली. आवाज हलका झाला होता. “म्हणजे आता ते कळणारच नाही, चाचा. कधीच. मग उगाच कशाला...”

चाचांनी ब्रश बादलीवर आडवा ठेवला. डोक्यावरची टोपी सारखी केली.

“बॉल कुठं पडला होता?”

“कुठं म्हणजे? तिकडं.”

“बोट ठेव.”

“काय?”

“जा. नेमकं बोट ठेव.”

तिला कंटाळा आला होता, भूक लागली होती, आणि म्हाताऱ्या माणसांच्या या असल्या परीक्षांचा तिला मनापासून राग होता. ती ताडताड गेली. दहा वर्षांत या कोर्टावर किती वेळा नवी माती पडली होती, किती वेळा रोलर फिरला होता. ती कुठं थबकली नाही. उजव्या कडेला, मागच्या रेघेपासून दीड पाऊल अलीकडे उकिडवी बसली आणि बोट टेकवलं.

बोटाला गार लागलं.

रेघ ओली होती.

तिनं हात वर केला. बोटाच्या टोकावर पांढरा चुना होता.

झाडावर एक कावळा ओरडला, थांबला. समिधा उठली नाही.

“माझा पाय सरकला होता,” ती म्हणाली. “तेव्हा. वळताना. खुणेवरून.”

“सरकला?”

“तेरा वर्षांची होते मी, चाचा.”

“हां.”

“पुण्याला जायचं होतं मला. इतकं जायचं होतं की...” पुढचं तिला जमलं नाही.

चाचा जवळ आले. गुडघे धरत धरत खाली बसले. रेघेवर तिच्या बोटाचा खळगा पडला होता, तो त्यांनी पाहिला, पण बुजवला नाही.

“खूण पुसली की पुसणाऱ्याचा पॉइंट गेला. कुणी शिकवलं तुला?”

“तुम्ही.”

“नसीमाला?”

“तुम्हीच.”

“बॉल नाही बघितला मी,” चाचा म्हणाले. “तुझं पाऊल बघितलं.”

समिधानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यातही राग होता.

“बघितलंत? मग बोलला का नाहीत? तेव्हाच्या तेव्हा का नाही थांबवलं मला?”

“बोट वर गेलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.”

“म्हणून?”

“म्हणून.”

दोघं रेघेच्या दोन बाजूंना बसून राहिली. कुणी म्हणालं असतं, गुरू आणि शिष्या. ऊन डोक्यावर होतं. डब्यातली भाकरी गार होत होती.

“तिला सांगितलंत कधी?” समिधानं विचारलं.

“रोज दोनदा हॉर्न वाजतो,” चाचा म्हणाले. “रोज उठतो. फाटकापर्यंत जातो. डबा घेतो. परत येतो.”

“ती आत का येत नाही, हे तिनं कधी सांगितलं?”

“मी कधी विचारलं नाही.”

समिधानं नाक पुसलं. गालाला चुना लागला, तिला ते कळलं नाही. खिशातून तिनं अध्यक्षांनी पाठवलेला कागद काढला. चार घड्या, टंकलेली अक्षरं, ‘न्यायाची मूर्ती’ शब्द ठळक. तिनं तो उलगडला आणि पुन्हा मिटला.

“मग संध्याकाळी मी काय बोलू?”

चाचा उठले. शेडमध्ये गेले, बांबूला बांधलेली जाळी घेऊन आले आणि दोरी तिच्या हातात दिली.

कोर्टभर मंडपवाल्यांच्या चपलांचे ठसे होते. समिधानं बूट काढले. पूर्वी काढायची तसे. दोरी कमरेशी धरून ती चालू लागली, कडेनं आत, रेघा सांभाळून, फेरी मागून फेरी. मागं जाळी सळसळत येत होती आणि माती सारखी होत होती. माणसांचे पाय गेले, तिचे स्वतःचेही गेले. परदेशात हे काम करायला चार माणसं असत. दहा वर्षांत तिनं दोरी हातात धरली नव्हती. तळहात सोलवटला.

शेवटची फेरी नेटशी आली. तिनं जाळी खांबाला टेकवली, धापा टाकत वळून पाहिलं. तिच्या बाजूचं अर्धं कोर्ट न्हाऊन आल्यासारखं दिसत होतं. फक्त रेघेवर बोटाचा खळगा तेवढा तसाच होता. नेटपलीकडे, नसीमा खेळली होती त्या बाजूला, चपलांचे ठसे अजून होते.

“झालं,” ती म्हणाली. “आता तरी सांगा. काय बोलू?”

चाचांनी खांबाला टेकवलेली जाळी उचलली, दोरी पुन्हा तिच्या सोललेल्या हातात ठेवली.

“तुझी बाजू झाली, पोरी. पलीकडची राहिलीय.”