चिंधी बांधलेला वेल

"घरात कुणी खाल्लं का अजून?" बुधाजीबाबांनी विचारलं.

हिरामण हसून नाही म्हणाला. पहिला घास बाबांनीच घ्यायचा, म्हणून तर तो टेकडी चढून बोलवायला आला होता. तीन पावसाळे तो बाबांच्या मागे रानात हिंडला होता, आणि यंदा एकट्यानं कंद खणला होता. त्याचा तोरा काय विचारता!

"ओळखलास कसा?"

मग काय, गडी सुरूच झाला. वेल दोन, दोन्हींना काटे, दोन्हींचे कंद मातकट नि केसाळ. पण देठावर पाच पानं असली तर खायचा, तीन असली तर विषारी. पाचाचा वेलही कोवळा असताना कधीकधी तीनच पानं काढतो, तेव्हा जून पान बघून ठरवायचं. सगळं तोंडपाठ.

"आता मार्गशीर्षात पान कुठलं रे?"

हिरामण अडखळला. वेल पार वाळला होता, हे खरंच.

"पण बाबा... त्याला तुमची चिंधी बांधलेली होती."

बाबा तसेच उठले. काठीसुद्धा घेतली नाही.

म्हातारा उतारावर पळायला लागला, तसा हिरामणही मागे धावला. हंडी चुलीवर ठेवूनच तो निघाला होता. बायको सुंदरा थांबेल, तिला बजावलं होतं... पण लेक? चार वर्षांची ती, सकाळपासून भूक भूक करत होती. ओढा ओलांडताना तो दोनदा पडला.

दारात पोर बसली होती. हातात कंदाची फोड. गरम होती म्हणून फुंकत होती.

बाबांनी फोड काढून घेतली. तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड रिकामं होतं, जीभ स्वच्छ. मग आत जाऊन अख्खी हंडी उकिरड्यावर ओतली. पोरीनं भोकाड पसरलं. "मी चाखलंसुद्धा नाही," सुंदरा म्हणाली.

हिरामणाला आता राग आला होता.

"विषारी होता?"

"माहीत नाही."

"मग ओतलात कशाला? चिंधी तर तुम्हीच बांधलीत ना?"

"मीच. तेव्हा वेल कोवळा होता, पानं तीनच."

"मग?..."

बाबांनी रडणाऱ्या पोरीला कडेवर घेतलं.

"खात्री असती, तर चिंधी बांधली असती का?"