भोंडल्याच्या फेरातली शेवटची

नदीकाठच्या एका गावात टोपल्या विणणाऱ्याच्या घरी जाई नावाची मुलगी होती. नुकती वयात आलेली, हसरी, आणि जेवणाच्या बाबतीत तर मुळीच मागे न राहणारी!

भोंडला सुरू झाला आणि सगळं बिघडलं. रोज एकीच्या अंगणात पाटावर हत्ती मांडायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची झाकलेली खिरापत ओळखायची. सावकाराच्या सुभद्रेकडे साटोऱ्या झाल्या. कुणाकडे करंज्या, कुणाकडे बर्फी. जाईकडे असणार होते नुसते गूळ-शेंगदाणे. झालं! ‘सगळ्यांत खालची मी,’ असं तिनं मनाशी पक्कं केलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं बरं का! पण घास घशाखाली उतरेना, डोळ्याला डोळा लागेना, पोटात सारखं दुखू लागलं. पोर वाळत चालली. आईच्या जिवाला घोर लागला.

आई तिला वैद्यबुवांकडे घेऊन गेली. पाहते तो काय, ओसरीवर सुभद्रा पोट धरून बसलेली!

“तुला गं काय झालं?” जाईनं विचारलं.

सुभद्रेचे डोळे भरून आले. “मला सूर लागत नाही. सगळ्या मनात हसत असतील. साटोऱ्या हव्या असतात, मी कुणालाच नको असते. सगळ्यांत शेवटची मीच.”

“अगं वेडे, शेवटची तर मी!” जाई बोलून गेली.

वैद्यबुवांनी दोघींची नाडी पाहिली आणि मिशीतल्या मिशीत हसले. “पोटं ठणठणीत आहेत. मनानं घेतलंय, आणि भोगतंय बिचारं पोट. मला एवढंच सांगा पोरींनो, फेर धरल्यावर पहिली कोण आणि शेवटची कोण?”

दोघींनी मनातल्या मनात फेर धरून पाहिला; गोलाला ना सुरुवात सापडली, ना शेवट. मग जाईला एकदम हसू फुटलं, आणि तिचं पाहून सुभद्रेलाही.

दुसऱ्या दिवशी जाईच्या अंगणात भोंडला झाला. सुभद्रेनं तिचा हात घट्ट धरला आणि बेसूर का होईना, मोकळ्या गळ्यानं गायली. मग खिरापत ओळखायची वेळ आली. लाडू? घारगे? चिरोटे? सगळ्या हरल्या! इतकी साधी खिरापत कुणाच्या डोक्यातच आली नाही. ताट उघडल्यावर पोरींनी त्यावर झडप घातली. जाईनंही मूठ भरून शेंगदाणे तोंडात टाकले. लेक पुन्हा खाताना पाहून आईनं डोळ्यांना पदर लावला.

तात्पर्य: आपण सगळ्यांत खाली आहोत ही समजूत वाढत्या वयात शरीरालाही पोखरते; पण ती मैत्रिणीजवळ बोलून टाकली, की अर्धं दुखणं तिथंच पळतं.