पुलावर बसलेला बस्त्याव आर्चबिशप

लावता का पैज? गोष्ट संपायच्या आधी शेवट ओळखून दाखवा. जो ओळखील त्याला माझ्या वाडीतला केळीचा अख्खा लोंगर. चाळीस वर्षं ही पैज लावतोय, लोंगर अजून माझ्याच घरी पिकतो. आणि जुजे, तू गप बस, तुला ठाऊक आहे.

फार जुनी गोष्ट. आपल्या सुकेळवाडीच्या चर्चवर अजून कौलं होती तेव्हाची. नातालीनबाय मच्याडो म्हणून एक रांडव बाई, तिचा एकुलता एक बस्त्याव. पोरगा द्वाड! एका रविवारी त्यानं चर्चच्या घंटेत पेंढा कोंबला, घंटा वाजेचना, अख्खा गाव मिसाच्या प्रार्थनेला उशिरा. असं म्हणतात. मी जन्मलो नव्हतो, माझ्याकडे बघू नका.

तेव्हा आपल्यात एक रीत होती. दोन वाड्यांत भांडण लागलं की तिसऱ्यानं मधल्या बांधावर जाऊन बसायचं. तो बसलाय तोवर कुणी कोयता उचलायचा नाही. भाकर दोन्ही घरांनी तिथंच आणून द्यायची. समेट होईस्तोवर त्यानं उठायचं नाही. उठला, की मग हाणा एकमेकांना.

इनास आणि कोजमा, सख्खे भाऊ, पाटाच्या पाण्यावरून कोयते घेऊन उभे राहिले. मध्ये जायला कुणी तयार होईना. सतरा वर्षांचा बस्त्याव गेला आणि बसला. पाच दिवस बसला! पाचव्या दिवशी इनास ओरडला, "घेऊ दे रे कोजमाला पाणी, पण तू ऊठ बाबा! माझ्या घरची अंडी संपवलीस!"

फादरनं हे बघितलं आणि पोराला सेमिनरीत धाडलं. तिथून रोमला. पोपसाहेबांचे वकील असतात ना, देशोदेशी राहतात, राजे भांडले की मध्ये पडतात, तसला वकील झाला. मग आर्चबिशप. पण गंमत ऐका. अशा वकिलाला आर्चबिशप करतात ते कुठल्यातरी जुन्या, बुडालेल्या गावाचा. बस्त्यावचं गाव हजार वर्षांपूर्वी वाळूखाली गेलेलं. कुत्रंसुद्धा नाही तिथं!

सुट्टीवर आला तेव्हा नातालीनबाय म्हणाली, "तुझ्या गावात माणसंच नाहीत, तर मग तिकडं काय करतोस? घरी ये."

"भांडणं लय आहेत, आय."

"असू देत. मला काही नको तुझं. माझे डोळे मात्र तू मिटायचे. दुसऱ्याचा हात लागता कामा नये."

"कुठंही असलो तरी येईन," तो म्हणाला. क्रूस हातात धरून म्हणाला.

मग दोन देशांची लढाई पेटली. नावं विचारू नका, माझी जीभ अडकते. मध्ये नदी, नदीवर पूल, दोन्ही काठांवर तोफा. बोलणी करून सगळे मोठे वकील दमून परत गेले. बस्त्यावनं काय केलं असेल? झगा वर खोचला, पुलाच्या मधोमध गेला आणि मांडी घालून बसला! दोन्हीकडचे सेनापती बघतच राहिले. असं म्हणतात, तोफांच्या तोंडात चिमण्यांनी घरटी बांधली.

चौथ्या दिवशी शिपायानं तार आणून दिली. आय मरणाला टेकली, लवकर ये.

त्यानं वाचली, घडी केली, झग्यात ठेवली.

"काय आहे?" एका सेनापतीनं विचारलं.

"घरचं आहे. पुढं बोला."

बांधाची रीत! उठला तर तोफा सुटणार. अकरा दिवस बसला, आणि अकराव्या दिवशी दोघांनी कागदावर सही केली. तेव्हा कुठं त्यानं ती तार दाखवली. म्हातारा सेनापती टोपी काढून मटकन खाली बसला.

"अरे देवा! सांगायचं तरी! तू परत येईपर्यंत आम्ही थांबलो असतो!"

ऐकलंत? थांबलो असतो म्हणे!

इकडं काय झालं होतं? नातालीनबाय पाचव्याच दिवशी गेली, आणि डोळे उघडे. फादरनं पापणी खाली ओढली, सोडली की वर. सुईणीनं ओढली, वर. बायका किंचाळत बाहेर पळाल्या. तीन दिवस गावानं मयत ठेवलं, भर उन्हाळ्याचं. असं म्हणतात, अंगाला वास आला नाही, बुबुळं दाराकडंच. शेवटी तशीच पुरली. तोंडावर पहिली माती टाकायला कुणाचा हात धजेना. म्हातारे झालेले इनास आणि कोजमा पुढं झाले, आणि दोघांनी डोळे गच्च मिटून टाकली.

बस्त्याव आला तो बंदरावरून थेट कबरस्तानात. गाव मागं मागं.

"डोळे कुणी मिटले?" त्यानं विचारलं.

कोजमा आपल्या पायांकडं बघत राहिला. इनासच शेवटी म्हणाला, "बाबा... मिटले नाहीत."

आर्चबिशप गुडघ्यावर बसला. डोक्याकडच्या मातीवर त्यानं तळवा ठेवला, डोळ्यांवर ठेवतात तसा. उन्हं उतरेपर्यंत तो हात उचलला नाही.

म्हणून आपल्याकडं मेलेल्यांच्या सणाला पोरं आपल्या माणसांच्या मेणबत्त्या नंतर लावतात. आधी नातालीनबायच्या मातीवर तळवा ठेवतात. भर दुपारी ठेवा, ओलीच लागते. आणि अजून कुणी बांधावर बसलं, तर दोन्हीकडचे आधी विचारतात, "घरून काही निरोप आलाय का रे?" आला असला, तर त्यालाच हाताला धरून उठवतात, आणि तो परत येईपर्यंत कोयता उचलत नाहीत.

काय, कार्डिनलची लाल टोपी मिळाली असेल म्हणत होतात ना? रोमनं देऊ केली होती, त्यानं घेतली नाही. लोंगर माझाच.

त्यानंतर बस्त्याव एकोणीस वर्षं जगला. असं म्हणतात, त्याची पापणी पुन्हा कधी मिटली नाही. झोपेत नाही, प्रार्थनेत नाही. मेला तेव्हा पण नाही.