कुंकू न पुसणारी हत्तीण

एका राज्यात शार्ङ्गधर अनंत बुद्धिसागर, वय वर्षे बाहत्तर, हे राजाचे बुद्धिपरीक्षक होते; सारे त्यांना पंत म्हणत. माणूस असो, माकड असो की मुंगूस, प्रत्येकाची बुद्धी ते तीन परीक्षांनी मोजत आणि निकाल वळणदार अक्षरांत लिहीत.

त्या राज्याला कालदंष्ट्र नावाच्या मांत्रिकाचा शाप होता. दर पौर्णिमेस एका जिवाची परीक्षा झाली नाही, तर नदी आटे. आणि पंतांनी ज्याच्या नावापुढे ‘निर्बुद्ध’ असे लिहिले, तो जागच्या जागी पाषाण होई. राजवाड्याच्या अंगणात कितीतरी बकऱ्या, एक अस्वल आणि दोन कुंभार असे उभे होते. परीक्षक तोच शब्द मनापासून स्वतःच्या नावापुढे लिहील, तेव्हा शाप सुटेल, असे मांत्रिक जाताना बोलला होता. पण पंत तो कशाला लिहितील? चाळीस वर्षांत त्यांचा एक काना चुकला नव्हता.

एका पौर्णिमेस चंद्रलेखा हत्तिणीची पाळी आली. पंतांच्या दिवंगत पत्नी उमाबाईंनी तिला पिल्लू असल्यापासून हाताने घास भरवून वाढवले होते.

“महाराज, हिच्याऐवजी दुसरे कोणी...”

“पंत, पाळी मोडू नये, हा नियम आपलाच.”

पंतांनी परीक्षेची तयारी मांडली.

तीन वाडगी पालथी घालून फिरवली. गूळ कोणत्या वाडग्याखाली आहे, ते हत्तिणीने अचूक दाखवले. केळ्यांचा घड उंच टांगला. तिने ओंडका ढकलत आणला, त्यावर पाय ठेवला आणि घड काढला.

“पंत, आपल्याला जमले असते का हो?” सर्व प्राण्यांची भाषा जाणणारा दरबारी राघू म्हणाला.

“तू गप्प बैस!” पंत म्हणाले, पण मिशीत हसले.

तिसरी परीक्षा आरशाची. ती केळी खात असता पंतांनी तिच्या कपाळी हळूच कुंकू लावले आणि समोर आरसा धरवला. प्रतिबिंब पाहून जो स्वतःचे कपाळ पुसेल, तो शहाणा. न पुसेल, तो निर्बुद्ध.

हत्तिणीने आरशात पाहिले. सोंड तिच्याच कपाळाकडे गेली, बोटभर अंतरावर थांबली आणि खाली आली.

“पुसले नाही,” राजा खिन्नपणे म्हणाला. “लिहा, पंत.”

पंतांनी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांनी विचारले, “राघोबा, तिला विचार. का नाही पुसले?”

राघू तिच्या कानाशी जाऊन आला. या वेळी त्याच्या स्वरात थट्टा नव्हती.

“ती म्हणते, घरातल्या वडीलधाऱ्याने लावलेले कुंकू पुसायचे नसते. उमाबाईंनी तसेच शिकवले आहे. आणि पंत, त्या कुंभारांनीही हेच सांगितले असते. आपण विचारले नाहीत.”

पंतांनी अंगणातल्या कुंभारांकडे पाहिले. दोघांच्याही पाषाणाच्या कपाळांवर लाल ठिपका तसाच होता.

“मग निर्बुद्ध कोण, पंत?” राजाने विचारले.

“मी, महाराज.”

आणि त्यांनी आपले संपूर्ण नाव लिहून त्यापुढे तो शब्द लिहिला, तितक्याच वळणदार अक्षरांत.

पाषाण तडकले. बकऱ्या बें बें करत सुटल्या, अस्वलाने अंग झाडले, कुंभारांनी एकमेकांना मिठी मारली. चंद्रलेखेने पंतांच्या मस्तकावर सोंड ठेवली.

त्यानंतर त्या राज्यात परीक्षा होत राहिल्या. मात्र निकाल लिहिण्यापूर्वी परीक्षार्थीला कारण विचारले जाऊ लागले.