फिलूची बालदी

समुद्राच्या कडेला, जिथे वाऱ्यालाही मिठाची चव असते, तिथे मोगऱ्याची एक इवलीशी वाडी होती. वाडीत फिलू आणि तिची आई कातरीन राहत. फिलूचे बाबा गेल्या वर्षीच देवाघरी गेले होते. यंदा उन्हाने मोगरा करपला, विहीर आटली आणि आई तापाने अंथरुणाला खिळली.

विहिरीत दिवसभरात जेमतेम बालदीभर पाणी झिरपे. शेजारच्या पास्कूकाकांची विहीर मात्र तुडुंब होती. फिलू लोटा घेऊन तिथे गेली, तर ते खेकसले, "आज तुला दिलं, की उद्या अख्खा गाव येईल. चल, नीघ!"

माणसाचं मन आटलं, की भरल्या विहिरीचा काय उपयोग?

फिलू रडत परतली. सुकलेल्या मोगऱ्याखाली काहीतरी चमचमलं. बोटाएवढी परी! तिचे निळे-रुपेरी पंख उन्हाने चुरगळले होते. फिलूच्या लोट्यात सकाळचं घोटभर पाणी होतं, तिच्या स्वतःच्या वाटणीचं. तिने ते थेंबथेंब परीच्या ओठांवर सोडलं. पंखांवर गुलाबी, सोनेरी ठिपके उमलले.

"एक इच्छा माग, बाय," परी म्हणाली.

"माझे बाबा!"

"देवाघरी गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं."

फिलूला हुंदका आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "मग आईसाठी पाणी."

"पण एक अट आहे. संध्याकाळी येशूबाप्पाच्या देवळाची घंटा झाली, की बाबा काय करायचे?"

"हातात असेल ते सोडून प्रार्थना करायचे. कुदळ असो नाहीतर भाकरी. म्हणायचे, देवासमोर हात रिकामे हवेत."

"आज तूही तसंच कर. हातात काहीही असो."

"मग तू पाणी देशील?"

"मी नुसती निरोप्या. देणारा येशूबाप्पा."

दिवस कलला. आईचे ओठ पांढरे पडले होते. "पाणी..." ती पुटपुटली. फिलू विहिरीवर धावली, बालदी सोडली आणि दिवसभराचं सगळं पाणी भरून दोर ओढू लागली. बालदी काठाशी आली, अगदी हाताच्या अंतरावर, आणि घंटा वाजली.

टण्ण... टण्ण... टण्ण...

दोर सोडला तर बालदी जाणार, पाणीही जाणार. घरात दुसरी बालदी नाही, दुसरा दोर नाही. आई मरेल! तिला वाटलं, आधी पाणी घ्यावं, मग हात जोडावेत. देव काय, समजून घेईल. पण देवाने हात आत्ता मागितले होते.

"येशूबाप्पा, मला खूप भीती वाटते," ती रडत म्हणाली. "तरी सोडते."

रहाट गरगरला. दोर सापासारखा आत गेला. धाड्! मग सगळं शांत झालं. फिलू हात जोडून उभी राहिली. प्रार्थनेचे शब्दही तिला आठवेनात. ती नुसती "आई, आई" म्हणत राहिली.

खालून आवाज आला. बुड्... बुडबुड... बालदीच्या घावाने तळाचा घट्ट बसलेला गाळ फुटला होता आणि खालचा झरा उसळत वर येत होता! मोत्यांसारखे फेसाळ बुडबुडे पायरीपायरीने चढले. त्यांच्यावर डुलत, काठोकाठ भरलेली बालदी तिच्या हाताशी आली.

आईने घोट घेतला. डोळे उघडले. "गोड आहे गं, बाय," ती म्हणाली, आणि फिलू तिच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली.

पुढे पास्कूकाकांची विहीर खारी झाली. मान खाली घालून ते फिलूच्या दारी आले. तिने बालदीच त्यांच्या हातात दिली. ते पाणी ओढत असताना घंटा वाजली. काकांनी हात जोडलेल्या फिलूकडे पाहिलं, दोर सोडला आणि स्वतःही हात जोडले.

तेवढ्यात मोगऱ्यावर रुपेरी उजेड फुलला. त्यात दोन पंख क्षणभर लुकलुकले आणि विरून गेले. खाली विहिरीत बालदी पडल्याचा आवाज आला, आणि या वेळी फिलू हसली.