कोपऱ्यातलं भोक

“पण मास्तर, सहा भोकं झाली की थांबायचं, एवढंही मशीनला कळू नये?”

दाभोळे मास्तर हसले. शिरोलीच्या त्या कारखान्यातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली.

समोर बाकावर लोखंडाची जाड प्लेट पडली होती. मधोमध सहा भोकं, अगदी मापात. आणि कोपऱ्यात, जिथं काहीच नको होतं तिथं, आणखी एक. प्लेट वाया गेली होती.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिला होता निनाद चौगुलेनं. पोरगं हुशार, पण हुशारीपेक्षा तोरा मोठा. प्लेट बिघडलेली दिसली तसा तो तडक मशीन चालवणाऱ्या यल्लाप्पावर घसरला आणि सगळ्यांदेखत त्याला नको नको ते बोलला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीत कारखान्यातही आहे. यल्लाप्पा त्याच्या वडिलांच्या वयाचा. त्यानं चिंधीला हात पुसले, उद्यापासून येत नाही म्हणाला आणि डबा घ्यायला गेला.

त्यानंतर निनाद मास्तरांकडे आला होता. मशीनची तक्रार घेऊन.

मास्तरांनी मशीनच्या पडद्यावर, प्रोग्रॅमच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“हितं काय सांगितलंयस?”

“ड्रिलिंगची सायकल. भोक किती खोल, किती वेगानं, सगळं.”

“आन् त्याच्या फुडं?”

“पुढं नुसत्या जागा. एकदा सायकल लावली की मशीन जिथं जाईल तिथं आपोआप...”

तो अडखळला.

“बोल की.”

“...भोक पाडतं. जी ऐंशीचा कोड टाकून सायकल बंद करेपर्यंत.”

“शेवटी तू त्याला कोपऱ्यात जा म्हणालास. त्याच्या आदी जी ऐंशी कुटं हाय?”

नव्हतं.

निनादचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं ती ओळ घातली.

“टाकलं, मास्तर. आता नाही चुकणार.”

मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला.

“सकाळी घरात काय झालं?”

“घरात?... काही नाही. वडिलांशी जरा वाजलं. गाडीच्या किल्लीवरनं.”

मास्तरांनी प्लेटवर खडूचा एक ठिपका दिला.

“मग?”

“मग काय, कामावर आलो.”

“गेटवर?”

“वॉचमननं ओळखपत्र मागितलं. रोज बघतोय मला, तरी मागायचं म्हणजे... जरा आवाज चढला माझा.”

आणखी एक ठिपका.

“चहाला?”

“चहा गार होता, मास्तर!”

“च्यावाली शेवंतामावशी मागं जाऊन डोळं पुसत हुती.”

मास्तरांनी तिसरा ठिपका दिला.

पुढचं मास्तरांनी विचारलं नाही. खडू त्याच्यापुढे धरला.

निनादनं तो घेतला. बराच वेळ नुसता बोटांत फिरवला... मग वाकून प्लेटवर चौथा ठिपका दिला. त्याला लाज वाटली, आणि या वेळी ती चुकलेल्या प्रोग्रॅमची नव्हती.

मास्तरांनी चिंधी घेऊन सगळे ठिपके पुसले. कोपऱ्यातलं भोक तेवढं राहिलं.

“हे बुजवता येईल का, मास्तर?” निनादनं हळूच विचारलं.

मास्तरांनी भोकावरून अंगठा फिरवला.

“ह्ये न्हाई बुजत,” ते म्हणाले. “यल्लाप्पा अजून गेटाच्या आत हाय.”