खेळण्यांची दावण

फार पूर्वी, गोठ्यांना दारं नसायची आणि घराला कुलूप लावायचं कुणाच्या मनातही यायचं नाही त्या काळी, डोंगराच्या पायथ्याला गवळ्यांची एक वाडी होती. त्या वाडीत एक गवळी राहायचा. घरात त्याची बायको, दोन लहान मुलं, थोरला मुलगा नि धाकटी मुलगी, आणि म्हातारे वडील. वडिलांना सगळी वाडी आबा म्हणायची आणि बायकोला सगळे सूनबाई म्हणायचे. गवळी पहाटे दूध घेऊन बाजारगावाला जायचा तो दिवस कलल्यावरच परतायचा. घराचा सगळा भार सूनबाईवर. ही गोष्ट तिची आहे, आणि मला ती सांगताना दर वेळी तिचं कौतुक वाटतं ते लपवून ठेवणं काही जमत नाही.

आबांनी जन्मभर गुरं राखली. गुरं चरायला सोडली की झाडाखाली बसून ते सुरीनं लाकूड तासायचे. त्यातून नातवंडांसाठी काय काय निघालं! चाकांचा घोडा, बैलजोडी, भोवरे, पांगुळगाडा, ठकी नावाची बाहुली, भातुकलीचं जातं, एक हत्ती जो जरा डुकरासारखा दिसायचा. शिवाय जत्रेतून मामा आणायचा, माहेराहून आजी पाठवायची. घरात पाहावं तिकडे खेळणी. चुलीपाशी गोट्या, उंबऱ्यात भोवरा, देवासमोर सुद्धा एखादा बैल बसलेला.

पुढे आबांची नजर गेली. आधी धूसर झाली, मग पार गेली. म्हातारा खचला नाही. काठी घेतली आणि घरात चालायला लागला. पण घरातली वाट रोज नवी असायची. काल जिथे मोकळी जमीन होती तिथे आज घोडा उभा. एकदा आबा त्या घोड्यावरून असे पडले की कोपर सोलवटलं. मुलं घाबरली, तर आबा हसून म्हणाले, "अरे, मी घोड्यावर बसत होतो. जरा नेम चुकला."

मुलं हसली. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत आबांनी आपलं घोंगडं उचललं आणि ते गोठ्यात राहायला गेले.

"मला गुरांची सोबत बरी वाटते," एवढंच ते म्हणाले. जेवायचंही तिथेच. मुलगा म्हणाला, सून म्हणाली, पण आबा काही घरात येईनात.

आता वाडी ती वाडीच. विहिरीवर कुजबुज सुरू झाली. शेजारीण तर तोंडावरच म्हणाली, "अगं, सासऱ्याला गोठ्यात ठेवलंस म्हणे? घरात जागा पुरेना का?"

सूनबाईला ते फार लागलं. घागर घेऊन ती घरी आली आणि चुलीपुढे बसून रडली. आबांना ती वडिलांच्या जागी मानायची. रडून झाल्यावर मात्र तिनं डोळे पुसले आणि आबांचं ताट घेऊन गोठ्यात गेली. आज ती ताट ठेवून लगेच परतली नाही. खांबाला टेकून आबांकडे बघत उभी राहिली.

आबांनी काठी टेकवून ठेवली होती. रिकाम्या हातांनी ते चालत गेले, बरोबर पाटीपाशी वाकले, गुरांचं आंबोण घेतलं, ढवळी गाईच्या गव्हाणीत ओतलं, वळून खुंटीवरचं दावं काढलं. एकदाही चाचपडले नाहीत. हेच आबा घरात पाय घासत घासत, भिंतीला हात लावून चालायचे.

सूनबाईच्या सगळं लक्षात आलं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही गुरांच्या सोबतीसाठी इथं आला नाहीत. इथं पाटी पाटीच्या जागी असते म्हणून आलात."

आबांनी ढवळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "पोरांना बोलू नकोस गं. ती खेळणी मीच केलीत. माझ्याच खेळण्यांसाठी त्यांना रागावलेलं मला ऐकवणार नाही."

सूनबाई घरी आली ती मनाशी ठरवूनच. आबांना घरात आणायचं. तिनं सगळी खेळणी एका पोत्यात भरली आणि पोतं माळ्यावर टाकलं. घर कसं लख्ख झालं. मुलं दोन्ही हात गालांना लावून भिंतीशी बसली. संध्याकाळी आबांनी गोठ्यातून हाक दिली, "सूनबाई, पोरं आजारी आहेत का? घरातून काहीच आवाज येत नाही." सूनबाई तशीच माळ्यावर चढली. पोतं खाली आलं.

मग तिनं दुसरी तऱ्हा केली. दर संध्याकाळी स्वतः सगळं उचलायचं, उंच फळीवर ओळीनं मांडायचं. फळी दिसायची सुंदर. पण मुलांचा हात तिथे पोचेना. एक भोवरा काढायला थोरला उडी मारायचा आणि दहा खेळणी धबाधबा खाली यायची. आवरून आवरून सूनबाईची कंबर मोडायची वेळ आली. शेजारीण म्हणाली, "जाळून टाक मेली चुलीत! चार दिवस रडतील, मग विसरतील."

दुसरी कुणी असती तर वैतागून तेही केलं असतं. सूनबाईनं मात्र त्या संध्याकाळी दोन्ही मुलांचे हात धरले आणि त्यांना गोठ्याशी नेऊन उभं केलं.

गुरं रानातून परतत होती. "होऽ होऽ, चला घरीऽ," गोठ्याच्या तोंडाशी उभ्या आबांची हाक घुमत होती. धूळ, घंटांचा आवाज, आणि एकेक गाय आत शिरून सरळ दावणीला आपापल्या खुंट्यापाशी जाऊन उभी. ढवळी ढवळीच्या जागी, कपिली कपिलीच्या. एक छोटं वासरू चुकून दुसरीकडे गेलं, थबकलं, आणि आपणहून वळून आपल्या जागी आलं.

"आबा, त्यांना कोण सांगतं कुठे उभं राहायचं?" धाकटीनं विचारलं.

"कुणीच नाही. गाईची जागा मी कधी बदलत नाही, म्हणून तिला ती पाठ असते. आणि गव्हाण तिच्या तोंडाच्या उंचीला असते. आढ्याला गव्हाण बांधली तर कुठली गाय येईल?"

सूनबाईनं उंच फळी आठवून जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी तिनं माती भिजवली, त्यात शेण आणि भुसा कालवला, आणि मुलांना म्हणाली, "चला, आपल्या खेळण्यांना दावण बांधू." माजघराच्या भिंतीला लागून, धाकटीच्या कमरेइतक्या उंचीवर, तिघांनी मिळून एक लांब ओटा घातला. त्याला मातीचेच आडोसे घालून छोटे छोटे खण केले. दिवसभर घरभर चिखल! पण सूनबाई एकदाही ओरडली नाही. ओटा वाळल्यावर थोरल्यानं प्रत्येक खणावर गेरूनं चित्र काढलं. घोड्याच्या खणावर घोडा, गोट्यांच्या खणावर गोल गोल ठिपके. हत्तीच्या खणावरचा हत्तीही डुकरासारखाच आला.

दावण भरली, तरी ढीगभर खेळणी उरलीच. धाकटी ठकीची सवत, एक मातीची बाहुली, हातात घेऊन रडकुंडीला आली. "आई, हिनं कुठे राहायचं?"

"जा, आबांना विचार."

आबा म्हणाले, "दावणीत मावतील तेवढीच गुरं घरी ठेवतात, बाळा. बाकीची रानात. मग पाळी बदलायची."

झालं. माळ्याला रान असं नाव पडलं. उरलेली खेळणी एका करंडीत बसून रानात चरायला गेली. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी करंडी खाली यायची, काही घरी राहायची, काही त्यांच्या जागी वर जायची. जुनीच खेळणी, पण मुलं त्यांना अशी भेटायची जशी काही मामाच्या गावाहून आली आहेत. आणि रोज संध्याकाळी गुरांच्या घंटा वाजल्या की दोघं "होऽ होऽ" करत खेळणी हाकायला लागायची. सूनबाई नुसती चुलीपाशी बसून ऐकायची आणि पदराआड हसायची.

आता आबांना बोलवायचं ठरलं. सूनबाईनं आबांच्या आवडीची खीर केली. दिवस मावळतीला आल्यावर थोरला गोठ्याकडे पळाला. आणि तेव्हा सूनबाईचं माजघराकडे लक्ष गेलं.

मधोमध जत्रा भरली होती! धाकटीनं दुपारपासून मांडलेली. पाळणा, दुकानं, गोट्यांचे लाडू, ओळीनं उभे भाविक, ठकी पुजारीण झालेली. उंबऱ्यापासून आबांच्या पाटापर्यंतची सगळी वाट तिनं व्यापली होती.

बाहेर काठीची टकटक सुरू झाली होती. दोन हात फिरवले असते तर जत्रा कोपऱ्यात गेली असती. सूनबाईचा हात पुढे झालासुद्धा. मग तिनं तो मागे घेतला. जत्रा पोरीनं मांडली होती, तिच्या डोळ्यांदेखत ती दुसऱ्यानं उधळणं तिच्या आईला बरं वाटेना.

ती खाली बसली. "गुरं आली बघ गं."

"माझी जत्रा अजून पुरी झाली नाही," धाकटी म्हणाली.

"खरंच फार छान झालीय. पण आबांची वाट इथूनच जाते ना."

धाकटीनं जत्रेकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. टकटक ओसरीवर आली. तिनं नाक ओढलं, आणि ठकीला उचललं.

"होऽ होऽ, चला घरीऽ," ती म्हणाली. आवाज रडका होता, पण हाक अगदी आबांचीच.

ती हाक ऐकून आबा उंबऱ्यातच थांबले. थोरला त्यांचा हात धरून उभा होता, तो पुढे ओढायला लागला, पण आबा हलेनात. आत चाकं गडगडत होती, गोट्या खणात पडत होत्या, आणि एक लहानसा आवाज एकेकाला नावानं घरी हाकत होता. सगळं शांत झाल्यावरच त्यांनी पाय आत टाकला.

दोन पावलं घासत टाकली. मग एक सरळ. माजघराच्या मधोमध ते थबकले आणि पायानं पुढे चाचपलं.

"इथं काहीतरी असतं," ते म्हणाले.

"ते त्याच्या घरी गेलं, आबा," धाकटी म्हणाली. "तुम्ही पण या."

आबा भिंतीला हात न लावता चालत पाटापर्यंत गेले. धाकटीच्या चिमुकल्या बोटांनी त्यांचा हात धरून दावणीवर ठेवला. आबांनी खण चाचपले, घोडा ओळखला, हत्तीवर हसले. शेवटचा खण मात्र अरुंद, लांबट आणि रिकामा होता. सूनबाईलाही तो कशासाठी हे ठाऊक नव्हतं. मुलांनी तिच्या नकळत बांधलेला.

"हा कुणाचा रे?"

"तुमच्या काठीचा," थोरला म्हणाला. "तिची जागा आम्ही कधी बदलणार नाही."

आबांनी काठी त्या खणात ठेवली. सूनबाई खीर वाढायला वळली, पण तिला वाटी नीट दिसेना, इतके डोळे भरून आले होते. त्या संध्याकाळी थोरला जाऊन गोठ्यातलं घोंगडं घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं धाकटीला एक मोठी फळी दिली. तिच्यावर जत्रा मांडली की अर्धवट जत्राही न मोडता उचलून भिंतीशी ठेवता यायची.

आणि विहिरीवरची ती शेजारीण? ती माती भिजवायचं प्रमाण विचारायला आली होती.

तात्पर्य एवढंच: मुलांच्या हाताला पोचेल अशी जागा खेळण्यांना द्यावी, आणि ती त्यांनाच आवरू द्यावीत, म्हणजे खेळणी आपापल्या घरी जातात आणि घरातल्या माणसांना वाट मोकळी राहते.